चीनमधले ते सातजण : बैठकीत मतदान होतं का?

कट्टेकरी

ऑफिसात चहाला वाद रंगला. एकाचं म्हणणं, "चीनमध्ये एकच माणूस ठरवतो, बाकीचे नंदीबैल." दुसऱ्याचं म्हणणं, "छे, सातजणांची समिती आहे, बहुमतानं निर्णय होतो." दोघंही ठाम. मी मधे बसून बिस्कीट बुडवत होतो, ते कपातच राहिलं. तेव्हापासून जमेल तसं वाचतोय. समजलं तेवढं मांडतो, चुकलं तर कान धरा.

आधी कागदावरची रचना. चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आता दहा कोटींच्या घरात आहेत. दर पाच वर्षांनी महाअधिवेशन भरतं. विसावं २०२२ च्या ऑक्टोबरात झालं, प्रतिनिधी दोन हजार तीनशेच्या आसपास. ते केंद्रीय समिती निवडतात : २०५ पूर्ण सदस्य, १७१ पर्यायी. केंद्रीय समिती २४ जणांचा पॉलिट ब्युरो निवडते, त्यातलीच ७ जणांची स्थायी समिती निवडते आणि सरचिटणीसही तीच निवडते. म्हणजे सगळं खालून वर.

प्रत्यक्षात पाणी वरून खाली येतं. यादी वर ठरते आणि खालचे हात वर करतात. २३ ऑक्टोबर २०२२ चा व्हिडिओ बघा. बीजिंगच्या ग्रेट हॉलमध्ये दार उघडतं आणि सातजण एकामागोमाग चालत येतात. तोवर नावं अधिकृतपणे कुणालाच सांगितलेली नव्हती, आणि ज्या क्रमानं चालत आले तोच त्यांचा हुद्द्याचा क्रम. पुढे शी जिनपिंग. मग ली छ्यांग, जे नंतर पंतप्रधान झाले. झाओ लेजींकडे संसद आली, वांग हुनिंगांकडे सल्लागार परिषद. त्साय छी सचिवालय आणि पुढे मध्यवर्ती कार्यालयही बघू लागले, दिंग श्वेशियांग पहिले उपपंतप्रधान झाले. शेवटचे ली शी, शिस्तपालन आयोगाचे प्रमुख. (ली शी वेगळे आणि शी वेगळे, मी दोन दिवस गोंधळलेलो होतो.)

आता खरी गंमत. पक्षाच्या घटनेत सरचिटणीसाला काय अधिकार दिलाय? पॉलिट ब्युरो आणि तिच्या स्थायी समितीच्या बैठका बोलावणं, आणि सचिवालयाच्या कामावर देखरेख. बस. "अंतिम निर्णय त्याचा" असं कुठंही नाही. १९८० साली पक्षानं अंतर्गत राजकीय जीवनाचे नियम केले, त्यात तर समितीचा सचिव आणि बाकी सदस्य यांचं मत सारखंच धरलंय, आणि "एकाच तोंडाची सभा" चालू देऊ नये असं बजावलंय. माओंच्या काळात पोळलेल्या लोकांनी लिहिलेले नियम आहेत ते.

मग माझा प्रश्न साधा आहे. या सातांच्या बैठकीत हात वर करून मोजतात का? कुणाला ठाऊक असेल तर लिहा.

तिरकस

एवढं वाचण्यापेक्षा मला विचारायचं. मार्च २०१८, राष्ट्राध्यक्षपदाची दोन मुदतींची मर्यादा काढायची होती. संसदेत बाजूनं २,९५८, विरोधात २, तटस्थ ३, एक मत बाद. मला त्या बाद मतवाल्याचं कौतुक वाटतं. बिचाऱ्याला शिक्का मारताना घाम फुटला असेल.

धागा बंद करायला हरकत नाही.

कट्टेकरी

तिरकसराव, ती संसद. मी पक्षाच्या शिखर समितीबद्दल विचारतोय. आणि ती मुदतमर्यादा सरचिटणीसपदाला कधी नव्हतीच. म्हणजे जे पद बिनमहत्त्वाचं त्याला मर्यादा, आणि ज्यात सगळं आहे ते मोकळं.

जुनी_कात्रणं

कट्टेकरी, प्रश्न छान आहे. निवृत्तीनंतर मला हाच उद्योग आहे, त्यामुळे जरा लांबेल.

स्थायी समिती आजच्या रूपात १९५६ च्या आठव्या अधिवेशनापासून. तेव्हा सहाजण : माओ, लिऊ शाओछी, चाउ एन लाय, चू द, छन युन आणि डेंग शियाओपिंग. दहा वर्षांनी, ऑगस्ट १९६६ मध्ये, समिती अकरा जणांची झाली आणि लिऊ शाओछी दुसऱ्या क्रमांकावरून आठव्यावर गेले. देशाचे अध्यक्ष होते ते! नाव काढलं नाही, फक्त खाली सरकवलं. ज्यांना वाचता येत होतं त्यांना कळलं. १९६९ मध्ये ते कैदेतच वारले.

आता मतमोजणीचं सांगतो. ९ सप्टेंबर १९७६ ला माओ गेले. तोवर समितीतले बरेचजण वारले होते, काहींना काढलं होतं. उरले चार. एकीकडे पंतप्रधान हुआ ग्वोफंग आणि मार्शल ये ज्येनयिंग, दुसरीकडे वांग होंगवेन आणि चांग छुनछ्याओ, म्हणजे माओंच्या पत्नीभोवतीचा जो कडवा गट पुढे "चौकडी" म्हणून गाजला त्यातले दोघं. मत घेतलं असतं तर दोन विरुद्ध दोन. मग काय केलं? मत घेतलंच नाही.

६ ऑक्टोबरच्या रात्री चोंगनानहाय या बीजिंगमधल्या नेत्यांच्या बंदिस्त आवारातल्या ह्वायरेन सभागृहात स्थायी समितीची बैठक बोलावली. विषय : माओंच्या निवडक लेखनाचा पाचवा खंड. विषय इतका सरळ की शंका यायचं कारण नाही. वांग आणि चांग आपापल्या पायांनी चालत आले आणि दारातच संरक्षक तुकडीनं धरले. हुआंनी अटकेचा कागद वाचून दाखवला. माओंच्या पत्नी च्यांग छिंग यांना त्यांच्या निवासातच पकडलं. त्याच रात्री शहराबाहेरच्या टेकडीवर, ये यांच्या मुक्कामी पॉलिट ब्युरोची बैठक झाली आणि हुआंना अध्यक्ष केलं.

तुम्ही वर लिहिलंत ना, घटनेत सरचिटणीसाला फक्त "बैठक बोलावण्याचा" अधिकार आहे? हा "फक्त" पुसून टाका.

सोलापुरी_चादर

कात्रणकाका, दंडवत. अंगावर काटा आला.

वरणफळ

वाचतेय. मी नऊ वर्षं सुझोला होते, कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम. राजकारणावर तिथं कुणी बोलत नाही, पण बघतात सगळे. माझ्या शेजारी एक आजी राहायच्या. संध्याकाळी सातला सरकारी वाहिनीच्या बातम्या लागल्या की त्या जेवणाच्या टेबलावर पीठ लावून डंपलिंग वळायला बसायच्या. बातम्यांचा पहिला भाग म्हणजे नेत्यांची नावं, हुद्दे आणि हस्तांदोलनं. मला ते झोप आणणारं वाटायचं. आजी मात्र एखाद्या संध्याकाळी हात थांबवून म्हणायच्या, "हा आज दिसला नाही." दोन आठवड्यांनी पुन्हा, "अजून नाही." त्यापुढे एक शब्द नाही. परत डंपलिंग.

बीजिंगला फिरायला गेले तेव्हा चोंगनानहायच्या दक्षिण दारासमोरून गेले होते. लाल खांब, आत एक भिंत, तिच्यावर माओंच्या अक्षरात "जनतेची सेवा करा". भिंतीमुळे आतलं काही दिसत नाही. आमच्यातल्या एकानं मोबाइल वर केला, तर पहारेकऱ्यानं मान हलवली. नुसती मान.

आणि बातम्यांवरून आठवलं. पॉलिट ब्युरोची बैठक साधारण महिन्याला होते आणि तिची बातमी येते. स्थायी समितीच्या बऱ्याच बैठकांची येत नाही, आणि आली तरी सगळं त्यात नसतं. कोविडच्या वेळचं उदाहरण तर माझ्या डोळ्यांदेखतचं. ७ जानेवारी २०२० ला स्थायी समिती बसली होती. तेव्हाच्या बातमीत विषाणूचं नावही नव्हतं. २३ जानेवारीला वुहान बंद झालं. फेब्रुवारीच्या मध्याला पक्षाच्या नियतकालिकात शी यांचं भाषण छापून आलं, त्यात ते म्हणतात की ७ जानेवारीच्या बैठकीतच मी साथीबद्दल सूचना दिल्या होत्या. सव्वा महिन्यानं कळलं की त्या खोलीत हा विषय निघाला होता! आम्ही तेव्हा घरात कोंडलेलो. कारखान्याच्या गटावर तो मजकूर कुणीतरी टाकला आणि एकानंही त्यावर काही लिहिलं नाही. एरवी तिथं जेवणाचे फोटोसुद्धा सुटायचे नाहीत.

लालडबा

माझं बालपण लालबागेत, वडील गिरणीत आणि युनियनमध्ये. "पॉलिट ब्युरो" हा शब्द मी शाळेच्या आधी ऐकला असेल. तेव्हा वाटायचं, हे कुठल्या तरी औषधाचं नाव असावं.

चीनच्या धाग्यात भारत आणतोय, पण फरक समजायला उपयोगी आहे. १९९६ साली ज्योती बसूंना पंतप्रधानपद देऊ केलं होतं. मार्क्सवादी पक्षाच्या केंद्रीय समितीनं नको म्हणून ठराव केला. बसूंना स्वतःला जायचं होतं, सरचिटणीस सुरजितही अनुकूल होते. तरी हरले आणि निमूट बसले. पुढे बसूंनीच त्याला "ऐतिहासिक घोडचूक" म्हटलं. म्हणजे मोजणी होऊ शकते, सरचिटणीसही हरू शकतो. लोकशाही केंद्रवाद म्हणतात तो हाच : आत भांडा, ठरलं की बाहेर एकच सूर.

पण सत्ताधारी पक्षात "आत भांडा" हा भाग आधी गळतो, असं माझं निरीक्षण. मार्क्सवादी पक्षातला पराभूत कॉम्रेड घरी जाऊन चहा पितो. चीनमध्ये तो कुठं जातो?

अजून एक. आमच्याकडे शाखेच्या बैठकीत आत्मटीका असायची. वडील घरी येऊन हसायचे : "आज माझी पाळी होती, उशिरा येतो म्हणून कबूल केलं." चिनी पॉलिट ब्युरोतही दर डिसेंबरअखेर तशी बैठक होते, प्रत्येकजण स्वतःची झडती देतो. तिथं "उशिरा येतो" एवढ्यावर भागत असेल असं वाटत नाही.

जुनी_कात्रणं

लालडबा, तुमच्या "कुठं जातो?" याला उत्तर आहे. बीजिंगमधल्या एका गल्लीतल्या वाड्यात.

१९८९ ची समिती पाच जणांची. सरचिटणीस झाओ झियांग, पंतप्रधान ली फंग, च्याओ शी, हू छीली आणि याओ यीलिन. तिआनानमेन चौकात विद्यार्थी उपोषणाला बसलेले. १७ मे ला लष्करी कायद्याचा निर्णय झाला, आणि तो झाला कुठं? डेंग शियाओपिंग यांच्या घरी. डेंग तेव्हा या समितीत नव्हतेच! १९८७ मध्ये बाहेर पडले होते, फक्त केंद्रीय लष्करी आयोगाचं अध्यक्षपद ठेवलं होतं. आधीची घटना सांगत होती की त्या पदावरचा माणूस स्थायी समितीतलाच हवा. ती अट १९८७ च्या अधिवेशनात काढून टाकली. माणूस बसेना तर घटना सैल केली. शिवाय महत्त्वाच्या बाबतीत डेंग यांना विचारायचं असा गुप्त ठराव होता. आदल्याच दिवशी, १६ मे ला, झाओंनी तो गोर्बाचेव्ह यांच्यासमोर उघड केला आणि डेंग दुखावले.

त्या १७ तारखेबद्दल वर्षानुवर्षं हिशेब फिरत राहिला, दोन बाजूनं, दोन विरोधात, एक तटस्थ. झाओंनी नंतर सांगून ठेवलं की रीतसर मतदान झालंच नाही. कुठं सांगितलं तेही ऐका. १९ मे च्या पहाटे ते चौकात गेले, विद्यार्थ्यांना म्हणाले की आम्हाला यायला फार उशीर झाला. त्यानंतर जानेवारी २००५ मध्ये वारेपर्यंत नजरकैद. त्या वाड्यात त्यांनी गुपचूप तीसेक कॅसेट भरल्या. वर मुलांची गाणी आणि बीजिंग ऑपेरा होते, त्यांच्यावरच टेप केलं. २००९ मध्ये तो मजकूर बाहेर छापला गेला. या खोलीतल्या माणसानं खोलीबद्दल इतकं मोकळं बोललेलं दुसरं फारसं नाही.

तिरकस

बरं, हे मला ठाऊक नव्हतं. पण काका, माझाच मुद्दा सिद्ध झाला की. आधी डेंग, आता शी. सात असोत नाहीतर पाच.

जुनी_कात्रणं

अर्धाच. डेंगना घरी बोलवावं लागलं, त्या पाचांना पटवावं लागलं, पक्षातल्या आठ म्हाताऱ्या पुढाऱ्यांची मदत लागली. आणि एकट्या माणसाची इच्छा जिथं अडते तो प्रकारही झालेला आहे. १९८७ च्याच अधिवेशनात देंग लीछ्युन (डेंग यांचे कुणी नव्हेत) पॉलिट ब्युरोत जाणार हे वरून ठरलेलं. पण केंद्रीय समितीच्या निवडणुकीत जागांपेक्षा उमेदवार थोडे जास्त ठेवले होते. प्रतिनिधींनी त्यांना पाडलं. केंद्रीय समितीतच नाही, तर पॉलिट ब्युरो कुठून?

रशियातही एकदा झालंय. जून १९५७, शिखर समितीत पक्षप्रमुख ख्रुश्चेव्ह यांच्याविरुद्ध सात, बाजूनं चार. ख्रुश्चेव्ह म्हणाले, मला केंद्रीय समितीनं निवडलंय, तिनंच काढावं. मार्शल झुकोव्ह यांनी लष्कराची विमानं लावून देशभरातून सदस्य मॉस्कोला आणले. आठवड्यात पारडं फिरलं, विरोधातले मोलोटोव्ह आणि मंडळी बाहेर. तिथं मोजणी झाली, पण लष्कराची विमानं आल्यावर.

कट्टेकरी

काका, धाग्याचं सार्थक झालं. देंग लीछ्युन यांच्या किश्श्यावरून मला मिळालेली गोष्ट सांगतो.

१९९७ च्या अधिवेशनात केंद्रीय समितीचे १५१ पर्यायी सदस्य निवडले. यादी मतांच्या क्रमानं छापतात. सगळ्यात शेवटचं नाव, म्हणजे सगळ्यात कमी मतं : शी जिनपिंग. बड्या नेत्याचा मुलगा म्हणून प्रतिनिधींचा राग होता म्हणतात. दहा वर्षांनी, २००७ मध्ये, तेच शी साध्या पॉलिट ब्युरोची पायरी न चढता थेट स्थायी समितीत.

मधे काय झालं? २००७ च्या २५ जूनला पक्षानं चारशेवर वरिष्ठांना केंद्रीय पक्षशाळेत बोलावून केशरी मतपत्रिका दिली. जवळपास दोनशे नावं, ६३ च्या आतली. पॉलिट ब्युरोत कोण हवं ते खुणा करून सांगा. नुसती चाचपणी, बंधनकारक नाही. तरी काहीतरी मोजलं जात होतं. २०१२ लाही केलं. २०१७ मध्ये बंद. कारण दिलं की लोक मतं फिरवतात, ओळखीपाळखी चालतात. नावं घेतली चाऊ योंगकांग वगैरेंची. त्याजागी समोरासमोर मुलाखती. शी स्वतः ५७ जणांशी बोलले. आता विचार करा. केशरी कागदावर खूण करताना तुमच्या शेजारी कुणी नसतं. मुलाखतीत समोर कोण बसलंय?

आणि वयाचं. "सदुसष्ट आत, अडुसष्ट बाहेर" हा अलिखित नियम. २०२२ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ली केछ्यांग आणि स्थायी समितीतलेच वांग यांग दोघंही ६७ चे, दोघंही बाहेर. शी ६९, आत. वांग यी ६९ आणि जनरल चांग योश्या ७२, दोघंही पॉलिट ब्युरोत. चोवीस जणांत बाई एकही नाही.

चाऊ योंगकांगांवरून आठवलं. स्थायी समितीत बसलेल्याला हात लावायचा नाही असा एक अलिखित संकेत होता. चाऊ २०१२ पर्यंत समितीत होते, सगळी पोलीस यंत्रणा त्यांच्या हाताखाली. २०१५ मध्ये भ्रष्टाचाराबद्दल जन्मठेप. आता निवृत्तीनंतरचा वाडाही खात्रीचा राहिला नाही.

सोलापुरी_चादर

थोडं अवांतर, पण आमच्या गावचा माणूस आहे म्हणून. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ ला वैद्यकीय पथकातून चीनला गेले, १९४२ मध्ये पक्षाचे सभासद झाले आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला तिकडेच वारले. चिनी नेते भारतात आले की कोटणीसांच्या घरच्यांना भेटायचा रिवाज आहे. २००६ मध्ये शींच्या आधीचे सरचिटणीस हू जिंताओ मुंबईत त्यांच्या नातलगांना भेटले होते. घरात आजोबांनी त्या बातमीचं कात्रण जपून ठेवलं होतं.

त्याच हू जिंताओंना २०२२ च्या अधिवेशनात सगळ्यांसमोर उठवून नेलं तेव्हा ते कात्रण आठवलं. तब्येत बरी नव्हती असं सरकारी वृत्तसंस्थेनं सांगितलं.

वरणफळ

तो व्हिडिओ मी पाच-सहा वेळा बघितला. नेण्यापेक्षा आधीचं बघा. हूंच्या पुढ्यात लाल फाइल आहे. ते ती उघडायला बघतात, शेजारचे ली चानशू फाइल आपल्याकडे ओढतात. मग दोघंजण येऊन हूंना उठवतात. जाताना ते ली केछ्यांग यांच्या खांद्यावर हात ठेवतात. ओळीत बसलेले बाकीचे समोर बघतायत. बहुतेकांची मान वळत नाही. इतक्या माणसांच्या माना इतका वेळ सरळ राहिलेल्या मी दुसरीकडे कुठं पाहिल्या नाहीत.

लालडबा

कट्टेकरी, मग तुमच्या ऑफिसातल्या वादाचा निकाल काय?

कट्टेकरी

दोघांनाही चहा पाजावा लागणार. बहुमतवाल्याकडे घटना आहे, नंदीबैलवाल्याकडे इतिहास. मला आत्तापर्यंत असं दिसतंय की मत मोजायची वेळ आली तर बैठकच बोलावत नाहीत, आणि बोलावली तर ठरवून आलेले असतात. मध्यवर्ती कार्यालय कागद फिरवतं. कुठला कागद कुणापर्यंत जातो, विषयपत्रिकेवर काय चढतं, तिथंच निम्मं काम उरकतं. त्साय छी पाचव्या क्रमांकावर आहेत आणि ते कार्यालय त्यांच्याकडे आहे. त्या पदावरचा माणूस स्थायी समितीत असणं ही कित्येक वर्षांत न घडलेली गोष्ट. शिवाय २०१७ पासून पॉलिट ब्युरोच्या प्रत्येकानं दरवर्षी सरचिटणीसाला लेखी अहवाल द्यायचा. सारख्या मतांचे सहकारी एकमेकांना अहवाल देत नाहीत. साहेबाला देतात.

तिरकस

म्हणजे मी बरोबर होतो, पण चुकीच्या कारणानं. चालेल. २०२७ ला एकविसावं अधिवेशन आहे ना? दारातून किती बाहेर येतात यावर पैज. मी सातच म्हणतो.

जुनी_कात्रणं

१९८७ ला पाच, १९९२ ला सात, २००२ ला नऊ, २०१२ ला परत सात. मी पाचावर लावतो. मी तोवर असेन तर मिसळ तुमच्याकडून.

वरणफळ

आजींना विचारलं आत्ता, मेसेज करून. पैजेचं सांगितलंच नाही, फक्त विचारलं की सातच्या बातम्या अजून बघता का. उत्तर आलं : डंपलिंगचा फोटो.